रमाबाई रानडे आणि शुश्रूषेची वाणी

आपल्या लोहाऱ्यात कोणाच्या घरी दुखणे आले व ते घरगुती उपायांनी आवरेना म्हणजे रोग्यास यवतमाळच्या मोठ्या इस्पितळात नेण्याचा प्रसंग येतो. यवतमाळ आपल्यास अगदी लागून असल्यामुळे वाट फार नसते; परंतु त्या दाराच्या आत पाऊल टाकताच आपल्या माणसांस आपण परक्या मुलखात आलो असे वाटू लागते. डॉक्टरांस शेकडो रोगी पाहावयाचे असतात. ते दोन शब्द बोलून पुढे जातात. कागदावर जे लिहिलेले असते ते वाचता येत नाही, व वाचता आले तरी समजत नाही. अशा वेळी पांढऱ्या वेषातील परिचारिका खाटेजवळ येऊन, कोणते औषध केव्हा व कसे घ्यावयाचे, सुई कशासाठी टोचली, उद्या काय होणार, हे आपल्या बोलीत नीट सांगते, तेव्हा रोग्याच्या जिवात जीव येतो. ती काही न बोलता, किंवा तुसडेपणाने बोलून निघून गेली, तर तोच रोगी भिंतीकडे तोंड करून पडून राहतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या शेजारच्या एका वृद्ध शेतकऱ्याबरोबर मी अशाच एका ठिकाणी गेलो होतो. तेथून मिळालेल्या दोन पुड्यांपैकी एक जेवणापूर्वी व दुसरी जेवणानंतर घ्यावयाची होती. ज्यांनी त्या दिल्या त्यांनी ते सांगितले नव्हते असे नाही. पण पाठ फिरवून, दुसऱ्याशी बोलता बोलता सांगितले होते. वृद्धाने भिडेने पुन्हा विचारले नाही, मीही लक्ष दिले नाही, आणि दोन्ही पुड्या एकदमच घेतल्या गेल्यामुळे त्याचे पोट चार दिवस बिघडले. औषध चांगले होते, देणारी माणसेही वाईट नव्हती. उणे पडले ते एका नीट सांगितलेल्या वाक्याचे. तेव्हापासून माझ्या मनात असा विचार वारंवार येतो की, शुश्रूषा ही जितकी हातांची विद्या आहे तितकीच ती जिभेची व कानांचीही विद्या आहे. ही विद्या आपल्या महाराष्ट्रात ज्या थोर स्त्रीने स्वतःच्या आयुष्यात मोठ्या कष्टाने संपादन केली, आणि नंतर शेकडो अनाथ व दुःखी भगिनींस तिचा लाभ करून दिला, त्या श्रीमती रमाबाई रानडे यांचे चरित्र यंदा आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवावे असे योजिले आहे.

रमाबाईंचा जन्म इसवी सन १८६२-६३ च्या सुमारास, हल्लीच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी, कुर्लेकर नावाच्या घराण्यात झाला. त्या काळी मुलींस लिहावयास शिकविणे हे अनर्थाचे कारण समजले जात असे. त्यामुळे माहेरी त्यांस अक्षरओळख झाली नाही. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास, त्यांचा विवाह न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. माधवराव तेव्हा एकतीस वर्षांचे असून त्यांची प्रथम पत्नी नुकतीच निवर्तली होती. ते सुधारणेचे पुरस्कर्ते असल्यामुळे एखाद्या विधवेशी विवाह करतील अशी त्यांच्या मित्रांची अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या आग्रहापुढे त्यांस मान तुकवावी लागली. या गोष्टीबद्दल त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली, व ती त्यांनी निमूटपणे सोसली. मात्र जी बालिका आपल्या घरी आली तिला अज्ञानात ठेवावयाचे नाही, हा निश्चय त्यांनी त्याच दिवशी केला. पाटी व पेन्सिल आणून त्यांनी स्वतः तिला मुळाक्षरे शिकविण्यास आरंभ केला, व थोड्याच दिवसांत ती वाचू लागली.

आज आपल्या शाळेत येणाऱ्या मुलींस हे वाचून यात विशेष ते काय असे वाटेल. परंतु त्या काळच्या वाड्यातील माजघराची कल्पना करावी. घरात अनेक वडीलधाऱ्या स्त्रिया होत्या. त्यांपैकी काही लहानपणीच विधवा झालेल्या होत्या. सुनेने पुस्तक हाती धरणे म्हणजे कुळास बट्टा लावणे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. रमाबाई वरच्या मजल्यावर धडा घेऊन खाली आल्या की टोमण्यांचा वर्षाव होई. पुढे मिस हर्फर्ड या इंग्रज बाई त्यांस इंग्रजी शिकविण्यास येऊ लागल्या, तेव्हा त्या बाईंचा स्पर्श झाला म्हणून स्नान केल्यावाचून स्वयंपाकघरात त्यांस प्रवेश मिळत नसे. दिवसभर घरकाम, त्यात ही बोलणी, आणि रात्री पुन्हा अभ्यास, असा क्रम कित्येक वर्षे चालला. माधवरावांनी त्यांस असे समजाविले होते की, उलट उत्तर करू नये, बोलणारी माणसे आपलीच आहेत, व ती अज्ञानामुळे बोलतात. रमाबाईंनी हा उपदेश पाळला. शब्द किती खोल लागतो, आणि लागलेला शब्द परत न फेकता गिळून टाकण्यास किती बळ लागते, हे त्या कोवळ्या वयात शिकल्या. पुढे इस्पितळात दुःखाने चिडलेल्या रोग्याची कटू बोलणी ऐकून घेणाऱ्या परिचारिकेस जो गुण अवश्य असतो, त्याचाच हा पाठ नव्हता काय?

एका प्रसंगी, घरातील स्त्रियांच्या भिडेस पडून त्या पतीच्या इच्छेविरुद्ध वागल्या. माधवराव रागावले नाहीत. परंतु त्या रात्री ते त्यांच्याशी बोललेही नाहीत. तो अबोला रमाबाईंस शंभर कठोर शब्दांहून अधिक झोंबला, व त्याची आठवण त्यांस जन्मभर राहिली. थोर मनुष्याने मुद्दाम दिलेली ती समज होती, म्हणून तिचा परिणाम चांगला झाला. परंतु आपण ज्याच्यावर सर्वस्वी अवलंबून आहो त्या माणसाने आपल्याशी न बोलणे हे केवढे दुःख आहे, हेही यावरून कळते. खाटेवर पडलेला रोगी परिचारिकेवर असाच अवलंबून असतो. ती मुकाट्याने येऊन मुकाट्याने गेली, तर आपला काय अपराध झाला, की आपले दुखणेच आता हाताबाहेर गेले, अशा शंकांनी त्याचा जीव कासावीस होतो.

माधवरावांच्या शिकविण्याची एक गोष्ट मुलांस फार आवडेल. १८८६ च्या सुमारास सरकारच्या एका समितीवर त्यांची नेमणूक झाल्यामुळे हे जोडपे कलकत्त्यास जाऊन राहिले होते. तेथे दारावर बंगाली वृत्तपत्र विकावयास येई. पण रमाबाईंस ती भाषा येत नव्हती, व माधवरावांसही ती वाचता येत नव्हती. पत्नीस ती शिकवावयाची म्हणून त्यांनी स्वतः बंगाली पुस्तके आणून अभ्यास चालू केला. दाढी करावयास येणारा न्हावी बंगाली होता. हजामत चालू असता ते पुस्तक हाती धरून अडलेल्या शब्दांचे उच्चार व अर्थ त्यास विचारीत. एवढा मोठा न्यायाधीश न्हाव्यापुढे विद्यार्थी होऊन बसला आहे, हे पाहून रमाबाईंस प्रथम हसू आले. परंतु ज्या मुलखात राहावयाचे तेथील लोकांची भाषा आपल्यास आलीच पाहिजे, आणि ती शिकविणारा कोणीही असो, त्याजपाशी नम्रपणे शिकावे, हा बोध त्यांनी कायमचा घेतला.

हा बोध आपल्या यवतमाळ जिल्ह्यास किती लागू आहे पाहा! येथे वऱ्हाडी बोलणारे शेतकरी आहेत. तसेच कोलाम, गोंड व बंजारा बांधवही मोठ्या संख्येने राहतात, व त्यांच्या घरात त्यांची स्वतःची भाषा बोलली जाते. पोट दुखून रायलं, असे जेव्हा आमची म्हातारी सांगते, तेव्हा केरळातून अथवा पुण्याकडून आलेल्या परिचारिकेस थोडे थांबून ऐकावे लागते. जी परिचारिका पोड किंवा तांडा येथून आलेल्या बाईस तिच्या भाषेतील चार शब्द बोलून दाखविते, तिच्याजवळ ती बाई आपले खरे दुखणे उघड करते. जी हसते किंवा ओरडते, तिच्यापुढे ती फक्त मान हलविते. आणि मान हलविणे म्हणजे समजणे नव्हे.

आता पुन्हा चरित्राकडे वळू. नाशिक येथे असता रमाबाईंनी प्रथम चारचौघांत दोन शब्द बोलण्याचे धैर्य केले. ते शब्दही माधवरावांनी लिहून दिलेले होते. पुण्यास मुलींसाठी हायस्कूल निघावे म्हणून खटपट चालली होती, त्या कामी भरलेल्या सभेत त्यांनी इंग्रजीत निवेदन वाचले, व त्याबद्दल घरी पुष्कळ बोलणी खाल्ली. ते हायस्कूल १८८४ साली स्थापन झाले, व आजही हुजूरपागा या नावाने प्रसिद्ध आहे. याच सुमारास पंडिता रमाबाईंनी १८८२ साली पुण्यात काढलेल्या आर्य महिला समाजाशी त्यांचा संबंध आला. पुढे माधवरावांची नेमणूक मुंबईच्या उच्च न्यायालयात १८९३ साली झाल्यावर त्यांनी तेथे स्त्रियांसाठी भाषा, सामान्य ज्ञान, शिवण इत्यादींचे वर्ग चालविले. अशा रीतीने, देवराष्ट्र्याहून आलेली निरक्षर मुलगी मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांत सभेपुढे निर्भयपणे बोलू लागली.

परंतु त्यांच्या वाणीचा खरा कस रोग्याच्या खाटेजवळच लागला. माधवरावांची दृष्टी अधू असल्यामुळे त्यांस वृत्तपत्रे व ग्रंथ वाचून दाखविण्याचे काम रमाबाई नित्य करीत. शेवटच्या दुखण्यात त्यांच्या छातीत कळा येत, व रमाबाई रात्र रात्र त्यांच्या उशाशी बसत. पत्नी घाबरेल म्हणून रोगी आपली वेदना लपवीत आहे, आणि रोगी खचेल म्हणून पत्नी आपले भय लपवीत आहे, असे ते दिवस गेले. १६ जानेवारी १९०१ रोजी रात्री माधवरावांचे देहावसान झाले. ज्यास ज्यास आपल्या घरी असे जागरण करावे लागले आहे, त्यास रमाबाईंच्या त्या रात्रींची कल्पना सहज येईल.

यानंतर एक वर्षपर्यंत त्या पुण्याच्या वाड्यात जवळजवळ एकांतवासात राहिल्या. त्यांचे वय अडतिसाच्या आसपास होते, मूलबाळ नव्हते. पुढील आयुष्य जपमाळ घेऊन एका कोपऱ्यात काढणे त्या काळच्या रीतीस धरूनच झाले असते, व त्यांस कोणी नावही ठेवले नसते. परंतु स्वतःचे दुःख उगाळीत बसण्यापेक्षा दुसऱ्याचे दुःख ऐकावे, हा मार्ग त्यांनी पत्करला. येरवड्याच्या तुरुंगात स्त्री-कैद्यांचा जो विभाग होता तेथे त्या नियमाने जाऊ लागल्या. ज्यांच्याशी शिपायाच्या हुकुमाखेरीज कोणी बोलत नसे, अशा त्या अभागी स्त्रियांजवळ बसून त्यांच्या कहाण्या त्यांनी ऐकल्या, त्यांस चार बोधाच्या गोष्टी सांगितल्या. सुधारगृहातील मुलांस सणासुदीस त्या गोडधोड घेऊन जात. इस्पितळात जाऊन रोग्यांस फुले, फळे व पुस्तके देत. फूल देण्यास क्षणही पुरतो. परंतु त्या निमित्ताने खाटेजवळ थांबून त्या रोग्याची विचारपूस करीत, आणि या विचारपुशीचेच मोल अधिक होते.

इस्पितळाविषयी त्या काळी लोकांच्या मनात केवढी भीती होती, हे आज सांगूनही पटणार नाही. १८९७ साली पुण्यास प्लेगची साथ आली. सरकारने गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर शोध घेण्यास पाठविल्या. त्यांस लोकांची भाषा येत नव्हती, लोकांच्या चालीरीती ठाऊक नव्हत्या, आणि कोणी काही समजावूनही सांगत नव्हते. परिणाम असा झाला की, लोक आपल्या रोग्यांस लपवून ठेवू लागले, व साथ अधिकच फैलावली. उपाय योग्य असला तरी तो समजावून सांगणारे आपुलकीचे माणूस नसले तर लोक त्या उपायासच शत्रू मानतात, याचे हे दारुण उदाहरण होय. त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी रोग्यांची सेवा करता करता आपला देह ठेवला; त्यांच्याजवळ लोक विश्वासाने येत, कारण त्या त्यांच्यातीलच होत्या.

तेव्हा आपल्या लोकांत मिसळणाऱ्या, आपली भाषा बोलणाऱ्या, शिकलेल्या परिचारिका हव्या होत्या. पण त्या आणावयाच्या कोठून? त्या काळी हे काम करणाऱ्या स्त्रिया बहुधा ख्रिस्ती, पारशी किंवा अँग्लो-इंडियन असत. मिशनच्या इस्पितळांतून, उदाहरणार्थ १८९४ साली डॉक्टर वानलेस यांनी मिरजेस उभारलेल्या इस्पितळात, आमच्या समाजाच्या कित्येक मुलींनी हे शिक्षण घेतले, व त्याबद्दल त्यांस बाहेर मानही थोडाच मिळे. हिंदू घरातील स्त्रीने परजातीच्या रोग्यास स्पर्श करावा, पुरुषांच्या खाटांमधून वावरावे, रात्री घराबाहेर राहावे, या कल्पनेनेच लोकांच्या अंगावर काटा येई.

१९०८ साली बेहरामजी मलबारी व दयाराम गिदुमल या दोन परोपकारी गृहस्थांनी मुंबईस सेवासदन नावाची संस्था काढण्याचे योजून रमाबाईंचे साहाय्य घेतले. पुढल्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९०९ रोजी, पुण्याच्या सेवासदनाची स्थापना झाली. गोपाळ कृष्ण देवधर हे भारत सेवक समाजाचे कार्यकर्ते या कामी रमाबाईंचे उजवे हात होते. आरंभीचे वर्ग रानड्यांच्या वाड्यातच भरत. लेखन-वाचन, शिवण, प्रथमोपचार असे विषय शिकविले जात, आणि ज्यांची तयारी होई त्यांस शुश्रूषेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवीत. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे रुग्णालय १८६७ पासून पुण्याच्या रोग्यांचा आधार झाले आहे. शुश्रूषा शिकणाऱ्या मुलींसाठी, तसेच डॉक्टरी शिकणाऱ्या मुलींसाठी, सेवासदनाने वसतिगृहे काढली.

या मुली कोण होत्या? पुष्कळशा बालविधवा होत्या. घरातील कोणत्याही मंगलकार्यात त्यांनी पुढे यावयाचे नाही, मोठ्याने बोलावयाचे नाही, कोणी विचारल्यावाचून मत द्यावयाचे नाही, असे त्यांस जन्मभर शिकविलेले. ज्यांच्याशी कोणी कधी गोड शब्द बोलले नाही, त्यांनी आता अनोळखी रोग्याशी गोड बोलावयाचे होते. ज्यांस मान वर करण्याची सवय नव्हती, त्यांनी डॉक्टरसाहेबांपुढे उभे राहून रात्रभराची हकीगत न चाचरता सांगावयाची होती. वरिष्ठांची भाषा इंग्रजी, रोग्याची भाषा मराठी. या दोहोंमधील पूल त्यांस व्हावयाचे होते. ही अडचण रमाबाईंखेरीज दुसरे कोण इतके ओळखू शकत होते? माजघरातील टोमणे त्यांनी सोसले होते. परक्या भाषेची पहिली अक्षरे गिरविली होती. सभेत प्रथम उभे राहताना लागणारा पायांचा कंप अनुभविला होता. म्हणून आधी या मुलींचे ऐकून घेणे, त्यांस नावाने हाक मारून जवळ बसविणे, त्यांच्या आईबापांची मने वळविणे, ही कामे त्यांनी आपली मानली. ज्या मुलीस वसतिगृहात माया मिळाली, तीच इस्पितळात ती माया वाटू शकत होती.

एका वार्षिक संमेलनाची हकीगत सांगतात. एक तरुण विधवा, व तिच्याप्रमाणेच परिचारिकेच्या वेषातील विद्यार्थिनी, व्यासपीठावर आल्या. त्यांस पाहताच श्रोत्यांतील काही तरुण विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. त्या मुलींची काय अवस्था झाली असेल! समारोपाचे भाषण करावयास रमाबाई उठल्या तेव्हा त्यांचा कंठ दाटून आला होता. ज्या रमाबाईंनी स्वतःवरील टोमण्यांस जन्मात कधी उत्तर दिले नाही, त्यांनी या मुलींच्या अपमानाचे उत्तर मात्र भर सभेत दिले. असे वागणाऱ्यांस शिकलेले कसे म्हणावे, असे विचारून, अशी दुःखी बहीण प्रत्येकाच्या घरी असेल, तिच्याकडे आपण कोणत्या तोंडाने पाहणार, याची जाणीव त्यांनी त्या तरुणांस करून दिली. सभा चिडीचूप झाली. स्वतःसाठी मौन आणि दुबळ्यासाठी वाणी, ही त्यांची रीत होती. सहकाऱ्याचा अपमान होत असता गप्प बसणे यास सहनशीलता म्हणत नाहीत, हे आपणही ध्यानात ठेवावे.

याच काळात दूर इंग्लंडात जिचे नाव घरोघर झाले होते त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचीही आठवण येथे होते. क्रिमियाच्या युद्धातील जखमी शिपायांची सेवा करण्यास ती साध्वी १८५४ साली गेली, व १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात तिच्या नावाने परिचारिकांची शाळा निघाली. शुश्रूषेवर तिने जे पुस्तक लिहिले त्यात औषधांपेक्षा वागण्याबोलण्याविषयीच अधिक मजकूर आहे. रोग्याच्या कानी अर्धवट पडेल अशी कुजबूज करणे हा तिने क्रूरपणा मानला आहे. रोग्याशी बोलताना त्यास मान वळवावी लागणार नाही अशा जागी समोर बसावे, दारातून ओरडून विचारू नये, जाताना केव्हा परत येणार ते सांगावे, पोकळ दिलासा देऊ नये, असे तिचे सांगणे आहे. झोप चांगली लागली ना, असे विचारले तर रोगी भिडेने होय म्हणतो. किती तास लागली व केव्हा मोडली असे विचारले तर खरी हकीगत कळते, हेही तिने दाखवून दिले आहे. लंडनची ही विदुषी आणि पुण्याची आमची रमाबाई यांच्या जीवनक्रमात अंतर पुष्कळ; पण दुःखिताजवळ कसे बसावे याविषयी दोघींच्या अंतःकरणाने एकच गोष्ट जाणली होती.

रमाबाईंचे इतर कार्यही थोडे नव्हते. १९०४ साली मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १९१० साली त्यांनी आमच्या आयुष्यातील काही आठवणी हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यास नामदार गोखले यांची प्रस्तावना आहे. त्यातील मराठी इतकी घरगुती व सरळ आहे की, लेखिका आपल्याजवळ बसूनच बोलत आहे असा भास होतो. १९१३ साली गुजरात व काठेवाडातील दुष्काळपीडितांच्या मदतीस त्या गेल्या. पुण्यात मुलींचे शिक्षण सक्तीचे व्हावे म्हणून १९२० साली, आणि त्यानंतर स्त्रियांस मतदानाचा हक्क मिळावा म्हणून, त्या झटल्या. आळंदीच्या यात्रेत सेवासदनाच्या स्वयंसेविकांसह जाऊन यात्रेकरू स्त्रियांची व्यवस्था पाहण्याचे काम त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. १९२४ साली त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली; तेव्हा पुण्याच्या सेवासदनात निरनिराळ्या शाखांतून हजारांहून अधिक स्त्रिया शिक्षण घेत होत्या. १९६२ साली भारत सरकारने त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपालाचे तिकीट काढून त्यांचा गौरव केला.

आज काळ पुष्कळ पालटला आहे. परिचारिकेचा व्यवसाय मानाचा समजला जातो. सर्व जातींच्या व धर्मांच्या मुली, आणि हल्ली मुलगेही, त्यात आनंदाने शिरतात. इस्पितळात नवीन नवीन यंत्रे आली आहेत. तरीही रात्रपाळीची परिचारिका सकाळी घरी जाताना दिवसपाळीच्या भगिनीस प्रत्येक रोग्याची हकीगत तोंडाने सांगते, तेव्हा एखादी गोष्ट राहून गेली तर ती भरून काढणारे यंत्र निघालेले नाही. डॉक्टरांनी तोंडी सांगितलेला हुकूम परिचारिकेने त्यांस पुन्हा म्हणून दाखवावा, व त्यांनी होकार दिल्यावरच औषध द्यावे, अशी शिस्त चांगल्या इस्पितळांतून पाळतात. शंका आली तर ती वरिष्ठास विचारण्यास परिचारिकेने लाजू नये, आणि विचारल्याबद्दल वरिष्ठाने रागावू नये. कारण त्या दोघांच्या मानापमानापेक्षा खाटेवरील जीव मोठा आहे. आमच्या शेजारच्या त्या वृद्धास पुड्या देताना कोणी एवढेच विचारले असते की, बाबा, मी काय सांगितले ते मला एकदा सांगा पाहू, तर त्याचे दुखणे टळले असते. आणि मीही तेव्हा ऐकण्यात कसूर केली नसती तरी ते टळले असते. म्हणून हा दोष एकट्या इस्पितळाच्या माथी मारणे मला बरे वाटत नाही.

मुलींनो, तुमच्यापैकी ज्या पुढे परिचारिका होऊ इच्छितात त्यांनी शास्त्र तर मन लावून शिकावेच. पण त्याची पूर्वतयारी आजच घरी करता येईल. आजीस ऐकू कमी येते, तिच्यासमोर बसून सावकाश बोला. धाकटा भाऊ तापाने फणफणला असता तो काय सांगतो ते मधेच न तोडता ऐका. वर्गात कोणाची थट्टा चालली असता हसणाऱ्यांत सामील होऊ नका. पालकांसही एक विनंती आहे. ज्या मुलीने घरात तोंड उघडू नये असे आपण शिकवू, तिने उद्या डॉक्टरांपुढे निर्भयपणे बोलावे, अशी अपेक्षा कशी करणार? माधवरावांनी अकरा वर्षांच्या मुलीच्या हाती पाटी दिली, तिच्याशी बोलले, आणि तिचे बोलणे ऐकले. त्या एका घरातील संभाषणातून पुढे हजारो घरांच्या दुखण्यास धीर देणारी माणसे निर्माण झाली.

रोग बरा करणे सर्वदा मनुष्याच्या हाती नसते. परंतु रोग्याजवळ बसून त्याचे ऐकणे, त्यास समजेल असे बोलणे, आणि आपल्या सोबत्यास खरी हकीगत पूर्ण सांगणे, हे मात्र आपणा प्रत्येकाच्या हाती आहे. रमाबाईंच्या चरित्रापासून एवढे जरी आपण घेतले, तरी लोहाऱ्याच्या एखाद्या घरी पुढे जेव्हा दुखणे येईल, तेव्हा त्या घराचा भार थोडा तरी हलका होईल.